पाहुणे आले टेप घेऊन

ये गं, अशी जवळ बस. नवं घर बांधलंस, वास्तुशांतीची पुरणपोळी खाऊ घातलीस, आणि घरपट्टीची नोटीस न वाचताच फ्रिजवर टाकून दिलीस? भाची असलीस म्हणून सोडणार न्हाई, कान पिळीन. लांबी-रुंदी किती धरली, पत्रा लिहिलाय का स्लॅब, ते बघ आधी. न्हाईतर माझ्यासारखी गत होईल.

आमचं घर तुला ठाऊक हाय. दोन खोल्या स्लॅबच्या, पुढं पत्र्याचा सोपा, मागं शेळ्यांचा गोठा. त्या साली धाकट्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे आता पोराच्या आधी घर बघतात. नेकनूरकडचं एक स्थळ आलं होतं, पण मध्यस्थ म्हणाला, "सांगून येणार न्हाईत, कवाबी येतील." मग काय, मी रोज अंगण सारवायची. शेळ्या चरायला गेल्या की गोठा झाडून दाराला जुन्या साडीचा पडदा लावायची.

एके दिवशी दोघं जण आले. एकाच्या हातात टेप. "मावशी, घर मोजायचंय."

मनात म्हटलं, लई चौकस पाहुणे दिसतात, टेप लावून लेक देणार! चहाआधी पाहुण्याला 'तुमी कोण' असं विचारायचं न्हाई, ही आपली रीत. मी न्हाईच विचारलं.

"हे मागं काय?"

"खोलीच हाय की. नव्या सुनेसाठी."

"पुढचा पत्रा?"

"स्लॅबच समजा. वर माडीबी काढायची हाय. लिवा, समदं लिवा!"

पोहे झाले, चहा झाला. निघताना मी दोघांना टोपी-टॉवेल दिला. टेपवाला गहिवरलाच. "मावशी, एवढा मान आमाला कुठल्याच घरी मिळाला न्हाई."

"पसंत हाय नव्हं?"

"आमाला काय, झकास हाय घर."

मी गल्लीभर साखर वाटली.

पुढं ग्रामपंचायतीची नोटीस आली. गोठा झाला होता राहती खोली, पत्रा झाला होता स्लॅब. तुझे मामा शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत म्हणाले, "पंखाबी लाव आता हिला. घरपट्टी भरती ती!"

नोटिशीत मुदत असती बघ, हरकत घ्यायची. तेवढ्यात अर्ज दिला तर पुन्हा मोजायला येतात. आमी दिला. आणि ते पुन्हा मोजायला आले नेमके त्याच दिवशी, ज्या दिवशी खरे पाहुणे आले! मुलीचे आई-वडील सोप्यात बसलेले, मी पोहे पुढं करतेय, आणि मागून टेपवाला ओरडला. खांद्यावर माझाच टॉवेल. "मावशी, ही खोली हाय का गोठा? एकदा काय ते सांगा!"

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. खोली म्हणावं तर घरपट्टी कायमची मानगुटीवर. गोठा म्हणावं तर लेक बिनलग्नाचा. पडद्याखालून एक शेळी पार अर्धी बाहेर आलेली. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"गोठा हाय! पुढं पत्राच हाय. अन् माडी कवा होईल ते देवालाच ठावं!"

धाकटा मान खाली घालून बसला. मुलीचा बाप उठला. मला वाटलं, निघाला. तर गडी सरळ मागं गेला आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. "ओ साहेब, ताणून धरा की जरा. अन् ही हरकत कशी घ्यायची ते आमालाबी सांगा. आमचाबी गोठा खोलीत धरलाय."

मुलीची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "यांनीबी मोजणाऱ्यांना मुलाकडचे समजून जेवू घातलं हो ताई! गोठ्याला पाहुण्यांची खोली म्हणाले!"

मग सोयरीक जमायला कितीसा उशीर?

आता तुझी ती नोटीस घे आणि मुदत जायच्या आत आमच्या घरी ये. सुनेला अर्ज फक्कड लिहिता येतो, बापाचा तिनंच लिहिला होता. जावईबापूंनाबी आण. दोन दिवस राहायच्या बोलीनंच या बरं, झोपायला माणसांच्या खोल्या दोनच हायत, पण मावून जाऊ.