बांधावरचं जांभूळ

आमच्या दोघांतलं एकही भांडण कधी पुरं झालं नाही. आमचे हे फौजेत, मी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात. वर्षातून एखाददुसरी सुट्टी, आणि तिचे पहिले दिवस कौतुकात जायचे. खरं भांडण पेटायचं ते निघायच्या आदल्या दिवशी, ट्रंक भरताना. मग इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी लागायची, आणि हे खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, ‘‘ऱ्हायलेलं फुडल्या सुट्टीत.’’ मी फाडकन म्हणायची, ‘‘या तर खरं, मग दाखवते.’’ बाकीच्या बायका डोळे पुसत घरी जायच्या, मी दात-ओठ खात जायची. भांडण राहिलंय म्हणजे माणूस येणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

पेन्शन घेऊन आले तेव्हा वाटलं, चला, आता सगळी जुनी भांडणं सावकाश पुरी करू. पण ह्यांना घरात बसवेल तर शपथ. ओढ्याकडेचा आमचा एक तुकडा सखल आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं, उसाची मुळं कुजायची. एक दिवस जेवताना जाहीर केलं, ‘‘तितं तळं करायचं. गळ टाकून निवांत बसायचं तळं.’’

‘‘आणि मासा खाणार कोण?’’ मी माहेरापासूनची माळकरीण. ह्यांच्या माशाचं पातेलं मागच्या पडवीत, चूल वेगळी, आणि घासायचं पण त्यांनीच.

‘‘खायाला न्हाई गं. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा.’’

‘‘नुसतं बघून सोडून द्यायला घरात मी न्हाई व्हय?’’

ह्यांना असा ठसका लागला हसून, की पाणी द्यायला मलाच उठावं लागलं.

फौजेत ह्यांचं काम पूल बांधायचं, रस्ते काढायचं. त्यामुळे तळ्याचं नुसतं खूळ नव्हतं, सगळं डोक्यात मांडून ठेवलेलं. हातात फक्कीची पाटी घेऊन पांढरी रेघ मारत रानातून फिरायचे आणि मागून मी, चहाचा थर्मास घेऊन. कागद अंथरलेलं शेततळं नको म्हणायचे. त्या प्लॅस्टिकवर कुत्रं घसरून पडलं तरी त्याला वर यायला धर मिळत नाही. आपल्या तळ्यात म्हैस चालत आत गेली पाहिजे आणि चालत बाहेर आली पाहिजे. काठ वाकडातिकडा ठेवायचा, म्हणजे माशांना लपायला जागा होते. एका अंगाला पाणी उथळ, तिथं पाणकणीस वाढू द्यायचं, पाखरं येतील. ओढ्यातली चिलापी आत घुसू द्यायची नाही, ती एकदा आली की दुसऱ्या माशाला जगू देत नाही. आणि ऊस व पाणी यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा सोडायचा. उसाला टाकलेलं खत आणि तणनाशक पावसाबरोबर वाहत येतं, ते गवतात अडतं.

त्या पट्ट्यावरून दीर तडकले. त्यांचं रान आमच्या खालच्या अंगाला. ‘‘दादा, त्येवढ्या पट्ट्यात ट्रॉलीभर ऊस निघंल. गवत काय कारखान्याला घालणार हायस?’’

‘‘तुझ्या रानातलं न्हाई सोडत, माझ्यातलं सोडतोय. गप बस,’’ म्हणाले हे. दीर पंधरवडाभर आमच्याकडं चहाला फिरकले नाहीत.

खालच्या बाजूला बांध घालायचा होता, चिकणमातीचा, थरावर थर कुटून. पोकलेन लावलं, माती निघायला लागली, ढीग पडायला लागला. आणि त्याच बांधावरून आमचं शेवटचं भांडण झालं.

सकाळची वेळ. मी म्हटलं, ‘‘तुमी बसणार गळ टाकून. मी कुठं बसू? उन्हात? बांधावर एक जांभूळ लावा.’’

‘‘बांधावर झाड न्हाई. मुळं बांध फोडत्यात. बांधावर हरळी लावायची.’’

‘‘मग घ्या तुमची हरळी आणि घाला माझ्या डोक्यावर सावलीला!’’

टोपी उचलली, चपला घातल्या, दारात वळून म्हणाले, ‘‘सांजच्याला बोलू.’’

दुपारी दीर पळत आले. हे मातीच्या ढिगाशेजारी बसले होते म्हणे. पोकलेनवाल्याकडं पाणी मागितलं. त्यानं कळशीतून तांब्या भरून आणेपर्यंत बसल्या जागी कलंडले होते.

आमच्याकडं आता बऱ्याच घरांत रक्षा नदीत सोडत नाहीत. आपल्याच रानात खड्डा काढून त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. ह्यांनी तर बजावूनच ठेवलेलं, मला कृष्णेत टाकायचं नाही, नदीला काय कमी ताप आहे का. सावडण्याच्या दिवशी सगळी भावकी रानात उभी. अर्धवट खणलेला खड्डा, शेजारी मातीचा ढीग, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत की कुठं.

‘‘हितं,’’ मी ढिगाकडं बोट करून म्हटलं. ‘‘आणि वर जांभूळ.’’

दिरांनी कुदळ घेतली. बाकीच्यांच्या लेखी तो नुसता ढीग होता, उंचावरची चांगली जागा. मला मात्र फक्कीची रेघ दिसत होती, बांध तिथूनच जाणार होता. मी मनात म्हटलं, सांजच्याला बोलू म्हणून गेलात ना? लावलं झाड. आता बोला. रडायचं सोडून मी त्या दिवशी भांडतच होते.

पुढं सगळ्यांनी समजावलं की खड्डा बुजवा, ऊस लावा. मुलगी बंगळूरला असते, ती मोबाईलवर तोंड दाखवून म्हणायची, ‘‘आई, कुणासाठी करतेयस? इकडं ये.’’ मी ऐकलं नाही. त्याच पोकलेनवाल्याला बोलावलं आणि पांढऱ्या रेघा पुसट व्हायच्या आत तळं पुरं केलं. ढिगाचा बांध झाला, जांभूळ बांधाच्या मधोमध आलं. दोन पावसांत तळं भरलं. रोहू आणि कटल्याची बोटभर पिल्लं सोडली. पाणकणसात पाणकोंबड्या आल्या. हे म्हणाले होते तसंच सगळं झालं, फक्त बघायला हे नव्हते.

संध्याकाळी मी जांभळाखाली बसायची. ह्यांची गळाची काठी घरात नुसती पडून होती, ती घेऊन जायची. माळकरीण बाई गळ कसा लावणार? म्हणून आकडा काढून टाकला आणि दोऱ्याला कणकेचा गोळा चिकटवायची. मासे यायचे, दोरा ओढायचे, कणीक खाऊन जायचे. दिवसभरात माझा हात ओढणारं तेवढंच कुणीतरी. घरी गेलं की एका माणसाची भाकरी, एक ताट, आणि टीव्हीचा आवाज मोठा. फौजीच्या बायकोला एकटं राहायची सवय असते असं लोक म्हणतात. कसली डोंबलाची सवय! तेव्हा मी एकटी होते, पण सुट्टीची वाट बघत होते. आता सकाळी उठून कशाची वाट बघायची हेच कळत नाही.

जांभूळ मात्र जोमानं वाढलं. माझ्या डोक्याच्या वर गेलं, छपराइतकं झालं. दिवाळीला मुलगी आली की त्याच्या बुंध्याशी पणती लावायची. दीर पहिला ऊस निघाला की एक कांडं तिथं ठेवायचे. कधी रानात कुणी नसलं की मी बुंध्याला पाठ टेकून म्हणायची, ‘‘बघा, आलं का न्हाई झाड? कुठं फुटला तुमचा बांध?’’

मग एका पावसाळ्यानंतर तळ्याचं पाणी लवकर उतरायला लागलं. ऊन जास्त असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खाली, गवत फार हिरवं दिसायला लागलं. हात लावला तर ओलं. काही दिवसांनी तिथून बारीक धार लागली. ह्यांचं बोलणं आठवलं. बांधातून निवळ पाणी झिरपलं तर बांधाला घाम आला म्हणायचं, गढूळ आलं तर बांध आतून खचतोय. मी रोज सकाळी जाऊन ओंजळीत धरून बघायची. एक दिवस ओंजळीत माती आली. वर बघितलं तर बरोब्बर डोक्यावर जांभूळ.

पोकलेनवाला येऊन बघून गेला. म्हणाला, ‘‘काकू, मुळं आरपार गेल्यात. झाड काढून चर मारायचा आन् नव्यानं माती कुटायची. न्हाईतर येत्या पावसात बांध जातोय, आन् सगळं तळं तुमच्या दिरांच्या उसात.’’

दीर शेजारीच उभे होते. गवताच्या पट्ट्यावरून चहा सोडणारा हा माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, झाडाकडं बघत म्हणाले, ‘‘वैनी, जाऊ दे तळं. माझा ऊस गेला तर जाऊ दे. पर दादाला उपटायचं व्हय?’’ आणि मुलगी फोनवर हुंदके देत एवढंच म्हणत राहिली, ‘‘आई, झाड नको गं. प्लीज, झाड नको.’’

मी काही दिवस तळ्याकडं फिरकलेच नाही. झाडाखाली ह्यांची रक्षा, आणि ह्यांचा जीव सगळा त्या तळ्यात. दोन्हींतलं एक माझ्या हातानं घालवायचं होतं. फार दुःख झालं असं म्हणायला बरं दिसतं, पण मला आधी आला तो संताप. एवढी वर्षं भांडले, आणि हा माणूस जाऊन बसल्यावर जिंकतोय! माती खाली सरकवून मला दाखवतोय, बघ, सांगितलं होतं की नाही. मग त्या संतापातच माझं मला कळलं की तळं गेलं तर ह्यांचं म्हणून दाखवायला मागं काहीच राहणार नाही. झाड तर माझं होतं, माझ्या हट्टाचं.

‘‘काढा,’’ मी सांगून टाकलं.

पाणी उपसून पातळी उतरवली. पोकलेननं जांभूळ मुळांच्या गड्ड्यासकट उचललं आणि विहिरीजवळ नेऊन लावलं. ते जगलं नाही. महिनाभर पानं गाळत राहिलं, मग वाळलं. मी रोज पाणी घालत होते.

खड्ड्यात रक्षेची काही खूण नव्हती. नुसती माती, काळी, भुसभुशीत. पोकलेनवाल्यानं ती बाजूला काढली आणि विचारलं, ‘‘काकू, ही कुठं टाकू?’’

कुठं टाकू? ओढ्यात टाकावी तर ओढा कृष्णेला जातो. उसात टाकावी तर नांगर फिरणार. म्हटलं, इथंच. तळातली चिकणमाती आण, हिच्यात कालव, आणि थरावर थर ह्याच जागी बसव.

तो चिकणमाती घेऊन आला, कालवली, पाणी मारलं. मग मशीन बंद करून खाली उतरला आणि चपला काढून बाजूला उभा राहिला. ‘‘ह्याच्यावर मशीन न्हाई घालायचा मी, काकू.’’ मी दिरांकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली. ‘‘मोठा भाऊ हाय माझा. माझा पाय न्हाई पडायचा.’’

राहिले कोण? मीच.

आमच्यात पाय लागला की लगेच हात लावून नमस्कार करायचा, तो थोरल्या माणसाला लागो नाहीतर पुस्तकाला. झोपेत ह्यांना माझा पाय लागला तर अंधारात चाचपडून मी नमस्कार करायची, आणि हे कुशीवर वळत म्हणायचे, ‘‘आता झोपू दे गं, देव न्हाई मी.’’ त्याच बाईनं पदर कमरेला खोचला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि ती त्या चिखलात उतरली.

मी तुडवायला लागले. दीर वरून पाणी ओतत होते, पोकलेनवाला घमेल्यानं माती देत होता. एक थर बसला की दुसरा. टाचेनं दाबायचं, भेग दिसली की परत दाबायचं. आणि माझं तोंड सुटलं. ‘‘सांजच्याला बोलू म्हणून गेलात. हीच काय तुमची सांज? फौजेत गेलात तवा एकटी, आलात तर सारखं रानात, आणि गेलात ते न सांगता. मी बसू कुणाजवळ? घ्या आता, झाड न्हाई बांधावर, झालं समाधान?’’ नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसायला हात मातीचे. कुणी मला गप्प केलं नाही. दिवस कलला तेव्हा बांध भरून आला होता, आणि मला पाय उचलता येईनात. दिरांनी हाताला धरून बाहेर काढलं.

‘‘वैनी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘नमस्कार करून घ्या. दिसभर पाय लागलाय.’’

मी वाकले. हात मातीपर्यंत गेला, आणि तसाच मागं घेतला. ‘‘करते नंतर,’’ म्हटलं.

पाऊस होऊन गेला. तळं काठोकाठ भरलं, बाहेरचं अंग कोरडं ठणठणीत राहिलं. बांधावर आता हरळी आहे, ह्यांना पाहिजे होती तशी. संध्याकाळी डोक्यावर टॉवेल टाकून मी तिथं उन्हात बसते, कणकेचा गोळा पाण्यात सोडते. सावली नाही, शेजारी कुणी नाही. उठताना दिरांनी सांगितलेला नमस्कार आठवतो. अजून केलेला नाही. केला की मिटलं, आणि ते मला नको आहे.

काठी गुंडाळते, चपला हातात घेते आणि बांधाला म्हणते, ‘‘ऱ्हायलेलं फुडल्या सुट्टीत.’’