शंभर पाण्यांचं तूप

हे मी आजवर कुणापाशीच काढलेलं न्हाई. आमच्या ह्यांच्यापाशी न्हाई, माहेरी न्हाई, देवापाशीबी न्हाई — देवाला सांगायचं तर तोंडानं बोलावं लागतं, अन् मंग ते आपल्याच कानावर पडतं. तुम्ही लांबचे, म्हणून तुम्हाला सांगते. मधी थांबले तर थांबू द्या.

आमचं गाव हसनाबादकडचं. घरात मी मोठी सून. सासू लवकर गेल्या, तेव्हा धाकटा दीर भास्कर नऊ वर्षांचा होता. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, पुढं त्याचं लगीनबी मीच केलं. त्यामुळं घरात माझा शब्द म्हणजे — काय सांगू — माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप न्हाई. तोंडबी तसंच माझं. आमचे हे म्हणतात, हिच्या जिभेला हाड न्हाई. बराबर म्हणतात.

अन् आणखी एक. गावात तान्ह्या लेकरांना काही झालं की बाया माझ्याकडं येतात. लंगोटानं जांघा लाल झाल्या, चामडी सोलली, लेकरू मुतलं की किंचाळतं — की आलीच बाई कडेवर लेकरू घेऊन. मी सांगते, आधी त्याला उघडं ठेव, वारा लागू दे. कडुलिंबाचा पाला उकळ, ते पाणी कोमट करून धू, मऊ फडक्यानं टिप, घासू नको बिलकुल. अन् मंग माझं तूप. काशाच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालायचं, तळहातानं फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभर पाण्यांनी. लोण्यावाणी पांढरं अन् गार होतं ते. बाया म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे. मला हे ऐकायला आवडायचं. लई आवडायचं.

मंग शीतल आली. भास्करची बायको, जालन्याची, बारावी झालेली, हळू बोलणारी. तिची लेक परी सात महिन्यांची असताना तिलाबी असंच झालं, अन् शीतलनं मेडिकलमधून ट्यूब आणली. मला विचारलंसुद्धा न्हाई! सगळं गाव मला विचारतं अन् माझ्याच घरात ट्यूब? असा राग आला, असा राग आला — उचलली ती ट्यूब अन् फेकून मारली तिला. कपाळाला लागली. वर म्हणाले, "सडू दे मंग तुझ्या लेकराच्या जांघा." लेकराला असं बोलतं का कुणी? मी बोलले.

त्या दिवशी सकाळपासून मी अंगणात वर्षाच्या तिखटासाठी लाल मिरच्यांची देठं मोडत बसल्ते. ज्या बाईनं हे काम केलंय तिला सांगायला नको — ते तिखट साबणानं जात न्हाई. घटकाभर ताकानं हात चोळावे लागतात. अन् माझे हात इतक्या वर्षांत असे मेलेत की मला आग कळतच न्हाई. दुपारी शीतल कपाळ चोळत आली अन् म्हणाली, "ताई, राह्यली ती ट्यूब. तुम्हीच लावा तूप." जिंकले ना मी! ताडकन उठले, साबणानं हात धुतले, ताट घेतलं अन् बसले फेटायला. ताकाचं गाडगं चार पावलांवर होतं.

लावलं. अन् पोरगी जी किंचाळली — तिचा श्वासच अडकला, निळी पडली, पाय झाडायला लागली. शीतल धावत आली, लेकरू उचललं अन् नळाखाली धरलं.

इथं मी नेहमी थांबते. मनातल्या मनात आठवतानाबी. मला नंतर कळलं, असंच मी स्वतःला पटवत आले. खोटं आहे ते. मला तेव्हाच कळलं. ताटातलं तूप मी बोटावर घेतलं अन् ओठाला लावून बघितलं. ओठ पेटला.

शीतलनं वळून विचारलं, "ताई, हाताला तिखट होतं का?" एवढंच. भांडून न्हाई, रडत रडत.

भास्कर तोवर गोठ्यातून पळत आल्ता. सगळे माझ्याकडं बघून राह्यले होते. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? अन् मी काय म्हणाले? "तुझ्या ट्यूबनं पोरीची चामडी गेली अन् माझ्यावर घेती? ज्याला मी वाढवलं, त्याच्या लेकराचा जीव घेईन का मी?" अन् पदर डोळ्याला लावला. भास्करला दिसंल असा लावला — हेबी सांगून टाकते.

"माझ्या वहिनीचं नाव घेती?" तो ओरडला. पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. लेकरू तिच्या कडेवर होतं. तिनं ते खाली गोधडीवर ठेवलं — मार खाता खाता, जपून ठेवलं हो — अन् मंग दुसरी खाल्ली. केस धरून त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं. कमरेत लाथ घातली. ती मिरच्यांच्या ढिगावर पडली, तोंडात, डोळ्यांत तिखट गेलं, तरी तो मारून राह्यला होता. आमचे हे ओसरीवरूनच "अरे बास, बास" करत होते. त्याआधी भास्करनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

अन् मी? मी मोरीत बसून ताट घासत होते. राखेनं. पाठीमागं धपाधप आवाज येत होता, ती "आई गं, आई गं" करत होती, अन् मी ताट घासत होते, कुणी बोट लावून बघू नये म्हणून.

तिच्या कानातून रक्त आलं, पार गळ्यापर्यंत. डॉक्टरला सांगितलं, पाय घसरून पडली. तेबी मीच सांगितलं. परी तीन दिवसांत बरी झाली. शीतलचा डावा कान कायमचा गेला.

तेव्हापासून भास्करचा हात सैल सुटला. भाजीत मीठ जास्त, भाकरीला उशीर — कारण कोणतंबी चालतं. दर वेळी मी मधी पडते, "मारू नको रे" म्हणते, अन् बाया म्हणतात, जाऊ असावी तर अशी. मी ते ऐकून घेते. परी आता आठ वर्षांची आहे. आईशी बोलायचं असलं की आधी फिरून तिच्या उजव्या बाजूला जाते. कुणी शिकवलं न्हाई तिला.

मला वाटायचं, शीतलला कळलेलं न्हाई. ट्यूबनंच झालं, असं तिलाबी पटलं असंल. परवा शेजारची बाई तान्हा नातू घेऊन आली, जांघा लालभडक झालेल्या. शीतलच तिला म्हणाली, "बसा ना मावशी, ताई तूप करून देतील. त्यांच्या हाताला गुण आहे." मी ताट काढलं. शीतल आत गेली अन् माझ्यासमोर गाडगं आणून ठेवलं. ताकाचं. परवा तर मिरचीला मी हातसुद्धा लावला नव्हता.

ती तिथंच उभी राह्यली. मी ताकात हात बुडवले, चोळले, पार मनगटापर्यंत. तिनं वाकून माझ्या हातावर पाणी घातलं अन् म्हणाली, "आता करा." तिचा उजवा, चांगला कान माझ्या तोंडापासून हातभरावर होता. मी बोलले न्हाई. तूप फेटायला बसले.