अकरा ते पाच

घरून धंदा करायचा असेल तर ऑफिसला निघाल्यासारखं तयार व्हा, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. इस्त्रीचे कपडे घाला, पायात बूट घाला, ठरल्या वेळी कामाला बसा. त्याचं ठीक होतं. तो कॉम्प्युटरवर बसून काय ते करत असणार. मी देवांचे कपडे शिवते. बाळकृष्णाची अंगडी-टोपडी, गौरींच्या तयार साड्या, देवघरात अंथरायची आसनं. त्या खोलीत चप्पल घालून बसायला मला कोणत्याही व्हिडिओने तयार केलं नसतं.

म्हणून मी माझी वेगळी तोड काढली. पावणेअकराला चांगला ड्रेस घालायचा, ओढणीला पिन लावायची, घराला कुलूप घालायचं, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला एक वळसा मारायचा आणि अकराला कुलूप काढून परत आत शिरायचं. झालं ऑफिस सुरू. पहिल्या दिवशी समोरच्या काकूंनी विचारलं, "कुणीकडं निघालीस ग?"

"कामाला."

पाच मिनिटांनी मी परत दारात. काकू तिथंच उभ्या. "पोचलीस का?" म्हणाल्या.

मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. हसले असते तर काकू आत आल्या असत्या आणि तेच मला बंद करायचं होतं.

त्याच्या आधी काकू रोज अकराला यायच्या. यायच्या म्हणजे काय, "हाईस का ग आत?" अशी हाक बाहेरून यायची आणि उत्तराच्या आधी त्या आत असायच्या. हातात निवडायची भाजी. माझ्या मशीनशेजारी उंबऱ्याला टेकून बसायचं, एक वाजेपर्यंत गवार मोडायची आणि बोलायचं. काकूंचे यजमान साखर कारखान्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी गारगोटीला दिलेली. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरात काकूंच्याच हातचा स्वयंपाक होता. मी लग्न केलेलं नाही. साडीच्या दुकानात फॉल-पिको करायचे, ते दुकान बंद पडलं आणि मी फोनवरून ऑर्डरी घ्यायला लागले. म्हणजे घरात मी, मशीन आणि अकरा ते एक काकू.

या धंद्यात सगळा खेळ मापाचा. माणसाचा ब्लाउज अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर चालवून घेतात, चार बोटांच्या बाळकृष्णाला अर्धा इंच म्हणजे सदरा गुडघ्याखाली. त्यात गिऱ्हाइकं माप पाठवतात ती त्यांच्या त्यांच्या पद्धतीने. कुणी सांगतं देव चार बोटं उंच आहे. कुणाची बोटं, ते सांगत नाही. कुणी शेजारी काड्यापेटी उभी करून फोटो पाठवतं. मी घरात काड्यापेटी घेऊन बसते आणि हिशोब लावते. डोकं शांत असावं लागतं.

त्या वर्षी गौरींच्या आधीची गोष्ट. काकू मुलीच्या सासरचं काहीतरी सांगत होत्या, फार रंगात आल्या होत्या आणि मीही "मग?" "मग काय म्हणाली?" करत दोन पार्सलं भरली. नाशिकच्या गौरींच्या साड्या गेल्या बेंगळुरूला आणि बेंगळुरूच्या नाशिकला. कळलं तेव्हा सण दोन दिवसांवर. नाशिकच्या बाईंनी फोन केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "ताई, वर्षातून एकदाच येतात हो त्या." मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून रडले. रडून झाल्यावर मला काकूंचा राग आला. चूक माझी होती, राग त्यांचा आला.

मग व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं म्हणणं एकच, वेळ ठरवा आणि नाही म्हणायला शिका. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कामाची वेळ ११ ते ५' आणि दाराला बाहेरून चिकटवलं. आमच्या गल्लीत पाटी वाचून कुणी थांबत नाही. म्हणून मी दार आतून लावून घेतलं, तर आमच्याकडे दिवसा दार लावायची रीतच नाही. दार सकाळी उघडतं ते दिवेलागणीपर्यंत उघडंच. दिवसा बंद दिसलं तर माणूस गावाला गेलंय नाहीतर अंथरुणाला खिळलंय. माझा सकाळचा वळसा बघूनही पहिल्या आठवड्यात तिघींनी दार वाजवून तब्येत विचारली. काकूंनी तर मऊ भात आणि मेतकूट आणलं. तो भात हातात घेऊनच मी त्यांना सांगून टाकलं.

"काकू, मला बरं आहे. पण अकरा ते पाच माझं ऑफिस असतं. तुम्ही पाचनंतर येत जा."

काकू म्हणाल्या, "व्हय की. काम म्हंजे काम." आणि गेल्या. पाच वाजता त्या देवळात असतात, हे मला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं ठाऊक होतं.

काम मात्र सुधारलं, हे कबूल करायला पाहिजे. वहीत यादी, एकेका ओळीवर टिक. आधी कापणं, मग जरीचे काठ, मग टाके, चार वाजता पार्सलं. एकही साडी चुकीच्या गावाला गेली नाही. पुढच्या सणाला नाशिकच्या बाईंनीच परत ऑर्डर दिली, त्यांच्या जावेचीही आणली. मी तो मेसेज तीनदा वाचला. सांगायला कुणी नव्हतं म्हणून चौथ्यांदा मोठ्याने वाचला.

हळूहळू मला असं मोठ्याने वाचायची सवय लागली. एकदा कुरिअरवाला आला आणि मी "किती पार्सलं आहेत" हे सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, नुसतं खरखरलं. तो म्हणाला, "घसा बसला काय ताई?" घसा बसला नव्हता. त्या दिवशी मोठ्याने वाचण्यासारखंही काही आलं नव्हतं, सकाळी नळावरून आल्यापासून तो वापरलाच नव्हता. दिवसभर माझ्याशी बोलणाऱ्या बायका कमी नव्हत्या. फोनवर शंभर ठिकाणच्या ताया होत्या, फुलं होती, हात जोडलेले होते, तुमच्या हातात जादू आहे असं कुणी ना कुणी रोज लिहायचं. पण त्यातल्या एकीलाही, मी आज जेवले का, हे विचारायचं काही कारण नव्हतं. मी शिवता शिवता सदऱ्यांशी बोलायला लागले. "तुझा काठ कसा रे वाकडा जातोय?" वगैरे. एकदा मध्येच थांबले आणि वाटलं, बाई, तू एकटी पडलीयस. असं स्पष्ट वाटलं. मग पुढचा काठ लावायला घेतला.

आणि या सगळ्यात मी कीव करायची ती काकूंची. हे आता सांगायलाही लाज वाटते. दुपारी मशीन थांबवलं की समोरच्या घराचा विचार यायचा. वाटायचं, बिचारी म्हातारी त्या घरात एकटी गवार मोडत बसली असेल, मी तिचा एकुलता एक विरंगुळा तोडला. सकाळी नळावर भेट व्हायची. "बरं हाय का?" "बरं आहे, काकू." तेवढंच. त्यांचा चेहरा मला उतरलेला दिसायचा. आपल्याला हवं ते दिसतं.

या श्रावणात एके दिवशी पहाटेच मशीनवर बसले आणि सगळं काम साडेदहालाच संपलं. कुरिअरही लवकर येऊन गेला. वहीतल्या प्रत्येक ओळीवर टिक. व्हिडिओतल्या माणसाने बघितलं असतं तर तो खूष झाला असता. मी ड्रेस घालून, पिन लावून खुर्चीवर बसले आणि अकरा वाजले. गल्लीतून एक रिक्षा गेली. मग मी उठले. म्हटलं, आज काकूंना मोकळं करू. त्यांना सांगू, या तुम्ही, पहिल्यासारख्या या. मी त्यांच्यावर उपकार करायला निघाले होते.

काकूंचं दार उघडंच होतं. मी बाहेरून हाक मारली आणि उंबऱ्यातच थांबले. पूर्वी कधी थांबले नव्हते. काकू आतून आल्या, मला बघून दचकल्या. "अगं बाई, तू? आता या वक्ताला? ये, बस बस." त्यांनी पदराने खुर्ची पुसली.

आमच्या गल्लीत घरचं माणूस असेल तर ते सरळ स्वयंपाकघरात जातं आणि हाताला लागेल त्या पेल्यातून चहा पितं. पावण्यांना बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळते. काकूंनी काचेच्या कपाटातून कपबशी काढली, धुऊन आणली, ट्रेमध्ये चहा आणि बशीत दोन बिस्किटं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या कपातून चहा पीत होते. काकू समोर बसल्या आणि मायेनेच म्हणाल्या, "काय काम काढलंस ग?"

आता काय सांगणार? काम नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या बाळकृष्णाचं माप घ्यायला आले. एक सदरा शिवून देते म्हटलं."

काकू लगेच उठल्या, देव आणून माझ्या तळहातावर ठेवला. छोटासा, पितळेचा, लोणी धरलेला हात झिजून गेलेला. पर्समध्ये टेप होती, मी ती काढली आणि देवाच्या छातीभोवती धरली. आकडा दिसेना. डोळे भरले होते.

"काकू, माप नाही हो," मी म्हणाले. "मला करमत नाही. म्हणून आले. तुम्हालाही एकटं वाटत असेल असं वाटलं."

"मला?" काकू खरंच बुचकळ्यात पडल्या. "मला कुठलं एकटं ग? तुझं दार लागायला लागलं, तवापास्नं पलीकडच्या आळीतल्या बाया हितंच येत्यात. अकराला. देवळाच्या वाती वळतो आम्ही. बोलणं बी हुतंय, देवाचं काम बी." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं न्हाईस व्हय? मला वाटलं तुझं बरं चाललंय."

तेवढ्यात बाहेरून "हाईसा का काकू?" आलं आणि उत्तराच्या आधी चौघी आत आल्या. मला बघून त्यांनी पदर सावरले. "तुम्ही देवाचे कपडे करणाऱ्या ताई ना?" एकीने विचारलं. पलीकडच्याच आळीतली, पण मी तिला ओळखत नव्हते. त्या खाली बसल्या, कापूस काढला, आणि खुर्चीवर एकटी मी. काकू म्हणाल्या, "बस की तू बी." खरंच म्हणाल्या. मला खाली बसायचं होतं. त्या कापसातला एक पुंजका उचलला असता की झालं असतं.

आणि मी म्हणाले, "नको काकू. ऑफिस आहे."

सवयीने निघालं तोंडातून. देव मी काकूंच्या हातात दिला. मला वाटलं, आता कुणीतरी हात धरून खाली बसवेल. आमच्या कोल्हापुरात पावण्याला असं सहजी सोडत नाहीत, दोनदा तीनदा बस म्हणतात. पण काकू त्या बायकांना म्हणाल्या, "सरा ग जरा. तिचा येळ मोडायला नको. लई काम असतंय तिला." त्यात टोमणा नव्हता. अभिमानच होता. चौघींनी लगेच पाय आवरून घेतले, कापूस बाजूला केला आणि मला दारापर्यंत वाट करून दिली.