रस्त्यावरचं वाळवण

कौसाआत्या गेली तेव्हा मी गावी होते, जाफराबादच्या पुढे, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला. फोन तिच्या घरासमोरच्या रझियाआपांचा आला. "पूजा बेटा, जल्दी निकल. कौसाबाई गयी," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग फोनमधून नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला... हॉर्न, कुठल्यातरी रिक्षातलं गाणं. मी अंगणात येऊन सांगितलं, तर बाबांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "कोणत्या गाडीनं उडवलं?" गाडीनं नाही, मी म्हटलं, दुपारी झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर हार्ट म्हणाले. बाबा ओट्यावर बसले. म्हणाले, "म्हणजे घरात गेली. बरं झालं माय." सख्ख्या बहिणीबद्दल भावानं असं म्हणावं याचं कुणाला नवल वाटेल. पण ज्यांनी आत्याचं जालन्यातलं घर पाहिलंय त्यांना वाटणार नाही.

ते घर भर बाजारात आहे. दाराबाहेर एक पायरी, आणि पायरीखाली थेट डांबर. चालायला म्हणून कडेची जी पट्टी असावी, तिच्यावर मोटारसायकली, हातगाडे आणि दुकानांच्या पाट्या. त्यामुळे चालणारा माणूस रस्त्याच्या मधूनच चालतो आणि मागचा त्याच्यावर चिडतो. बारावीनंतर मी शिकायला तिच्याकडे आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शाळेतली माझी सायकल बाबांनी एसटीच्या टपावर टाकून पाठवली होती. गावात मी तिच्यावर दोन्ही हात सोडून जायचे, इथे मात्र पहिले काही महिने ती हातात धरून चालतच नेली. आत्या पायरीवरून बघायची आणि म्हणायची, "पुजे, सायकल तुला नेऊन राह्यली का तू सायकलला?"

तिच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, रझियाआपांचं दार. आपा ब्लाउज शिवतात. दोघींचे नवरे गेलेले, आत्याचा मुलगा दत्ताभाऊ पुण्याला, आपांच्या मुली सासरी. चारच्या सुमाराला आपांची मशीन थांबायची, आत्या पदर सारखा करून पलीकडे जायची आणि चहा व्हायचा. चहा कसला, भांडणच म्हणा. भेंडी ताजी होती की शिळी, कुणाच्या सुनेचं चुकलं, साखर कुणी जास्त घातली... आत्या परत यायची ती चेहरा धुतल्यासारखी. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तो रस्ता ओलांडताना तिला मोटारसायकलचा धक्का लागला. खुब्याचं हाड मोडलं. चालवणारा पोरगा पळाला नाही, त्यानंच तिला उचललं, तिच्यापेक्षा तोच जास्त रडला. आत्याला त्याचा राग नव्हता. "त्याला कुठून दिसंल मी? मधी टेंपो उभा व्हता," ती म्हणायची. हाड जुळलं, हातात काठी आली, पण पाय उचलायला वेळ लागायला लागला. आणि तेवढा वेळ तो रस्ता कुणालाच देत नाही. माझा हात धरून चल म्हटलं तर मान हलवायची. "तू कॉलेजात असतीस चारला. अन् मैत्रिणीकडं काय धरून नेतेत का?"

मग दोघी आपापल्या दारात बसून चहा प्यायला लागल्या. आपा इकडे बघून कप उचलायच्या, आत्या तिकडे बघून उचलायची. मधून ट्रॅक्टर, टेंपो, रिक्षा. बोलणं हातवाऱ्यांनी. "काय म्हणून राह्यली गं ती?" आत्या मला विचारायची. मग मी रस्ता ओलांडून विचारून यायचे. एकदा निरोप असा होता, "तिला सांग, तुझ्या डोक्यावरचा पदर उलटा आहे." तो सांगायला म्हणून मी दोन रिक्षांच्या मधून जीव मुठीत धरून परत आले. आत्या इतकी हसली की चहा सांडला. हसून झाल्यावर मात्र तिनं सांडलेला चहा पदरानं पुसला आणि कप आत नेऊन ठेवला.

मी पालिकेत अर्ज दिला. गतिरोधक करा, चालायची पट्टी मोकळी करा, असं नीट लिहून. साहेब वाईट बोलले नाहीत. थकलेलेच दिसले. "गतिरोधक टाकला तर दुकानदार येतात, नाही टाकला तर तुम्ही येता. बघतो, ताई." मी पुन्हा गेले, पुन्हा बघतो म्हणाले. मग एका सकाळी खरंच माणसं आली आणि आमच्या दारापासून आपांच्या दाराकडे पांढरे पट्टे ओढून गेली. आत्यानं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं. चारला काठी घेऊन पट्ट्यांच्या कडेला उभी राहिली. समोर आपाही उठून उभ्या. एकही गाडी थांबली नाही. एकानं तर हॉर्न वाजवत हातानं तिलाच मागे सरायला सांगितलं. ती घरात आली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "ते पट्टे गाडीवाल्याला दिसत न्हाईत वाटतं. फक्त आपल्यालाच दिसतेत."

पुढचं मात्र तिचं तिलाच सुचलं. आमच्या गावाकडे सुगीत लोक डांबरी रस्त्यावरच तूर, सोयाबीन पसरतात आणि गाड्या आपोआप हळू होतात. एका दुपारी आत्यानं मूठमूठ गहू दारासमोर टाकले. काय सांगू, ज्यांना माणूस दिसत नव्हता त्यांना गहू दिसले! एक रिक्षावाला वळसा घालून गेला आणि वर ओरडला, "मावशी, लक्ष्मी सांडली तुमची!" आत्या खूश. पण तिसऱ्याच दिवशी दूधवाल्याची सायकल त्या गव्हांवरून घसरली. त्याचं कोपर फुटलं, दूध रस्त्यावर. तिनं त्याला पायरीवर बसवून हळद लावली, सांडलेल्या दुधाचे पैसे दिले आणि त्याच संध्याकाळी वाकता येत नसताना काठीला झाडू बांधून सगळा रस्ता झाडला. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे. चालणाऱ्याची सोय कराया गेले अन् सायकलवाला पाडला मी."

मग उन्हाळा आला. आत्या दर वर्षी कुरडया, पापड करायची आणि गच्चीवर वाळवायची. या वर्षी तिला जिना चढवेना. तिनं मला बाज बाहेर काढायला लावली. पायरीच्या पुढे, पट्ट्यांच्या अलीकडे. तिच्यावर जुनं लुगडं आणि लुगड्यावर कुरडया. पलीकडे आपांनीही त्यांची बाज काढली. मी घाबरले. "आत्या, हे अतिक्रमण आहे. उचलून नेतील."

"मंग त्या गाड्या उभ्या करून राह्यलेत ते काय हाय? ते न्हाई का अतिक्रमण?"

दोन बाजांच्या मध्ये जी फट उरली तिच्यातून मोटारसायकलवाले पाय टेकत टेकत जायला लागले. कुणी चिडायचे, पण ताज्या कुरडयांवर धूळ उडवायला कुणाचं मन होत नव्हतं. "काकू, एखादी तळून द्या की." "तळणीवर ये, फुकट न्हाई, आधी गाडी बंद कर!" आणि चारला, लाज वाटायची मला सगळे बघतात म्हणून, पण आत्या काठी टेकत, एक एक पाऊल टाकत त्या फटीतून पलीकडे जायची. एकटी. गाड्या थांबायच्या. आपा दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या, "आ गयी महाराणी!" त्या कुरडयांत रेती आली, दाताखाली कचकच. पुण्याहून दत्ताभाऊंचा फोन, आई, काय केलंस हे? आम्ही जेवताना तक्रार केली की तिचं ठरलेलं, "रस्त्याची हाय, खा गुमान."

मग आभाळ आलं आणि बाजा आत गेल्या. तिनं पावसाळ्यातही प्रयत्न केला, उघडीप दिसली की पापड काढायची. त्यांना बुरशी यायची, आम्ही ते फेकायचो. गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या. दारातला चहा पुन्हा सुरू झाला. ती थकत चालली होती हे मला दिसत होतं, पण ती म्हणायची, "पुढल्या उन्हाळ्यात लवकर काढू बाज. माघातच." भादव्यात ती गेली.

तिला नेलं तेव्हा रस्ता थांबला. तिरडी निघाल्यावर दोन्हीकडच्या गाड्या बंद झाल्या, माणसांनी हेल्मेट काढली. त्या शांततेत आपा एकट्या रस्ता ओलांडून आमच्या पायरीपाशी आल्या. जमाव पुढे गेला आणि मागून गाड्या पुन्हा सुटल्या... आपांना परत जाता येईना. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला कितीतरी वेळ उभ्या होतो. पट्टे तोवर निम्मे पुसले गेले होते.

आता पावसाळा सरलाय. दत्ताभाऊ पुढची खोली मोबाईलच्या दुकानाला देणार आहेत. त्यांचंही बरोबर आहे, बंद घर किती दिवस ठेवणार. माझी परीक्षा होईपर्यंत राहा म्हणाले. मी पुन्हा अर्ज दिलाय, साहेब बदललेत, तेही बघतो म्हणाले. बाज भिंतीला उभी असते. परवा चारला मी ती बाहेर काढली. मला कुरडया येत नाहीत, म्हणून घरचे गहू धुऊन लुगड्यावर पसरले. सायकल आडवी लावली, शेजारी उभी राहिले. एक मोटारसायकलवाला पाय टेकत म्हणाला, "या दिवसात काय वाळवून राह्यल्या, ताई?" मी म्हटलं, गहू. तो हळू गेला. त्याच्यामागचाही हळू झाला. शाळा सुटलेल्या दोन मुली बोलत बोलत मधून निघून गेल्या, त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. समोर आपांनी मशीन थांबवली आणि हल्ली त्यांनाही लागणारी काठी शोधायला आत वळल्या.

हे मला रोज जमणार नाही. दुकान आल्यावर तर बाजेला जागाच नाही. पण परवा आपा चहा इकडे घेऊन आल्या, आम्ही पायरीवर बसून प्यालो. काल ते गहू दळून आणले. रात्री पोळी खाताना दाताखाली कचकन रेती आली आणि तक्रार करायला मी सवयीनं चुलीच्या बाजूला वळले...

मग गुमान खाल्ली.