कापसाच्या बाजारात वाजलेली शाळेची घंटा

भूत, चेटूक, देवाचा कौल... यांतल्या कशावरही माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याचं श्रेय मिशन स्कूलचं. नागपूरला काकांकडे राहून मी तिथे शिकलो. मास्तरांनी आमच्या डोक्यातून मुंजा आणि हडळ साफ काढली, पण त्या जागी येशूला काही त्यांना बसवता आलं नाही. ना इकडचा ना तिकडचा, असा मी अकोल्याच्या कचेरीत कारकून झालो. घरची पूजा बायको करते, मी नैवेद्य तेवढा खातो.

शाळेतली एक शिस्त मात्र अंगात मुरली होती. दुपारी प्रेयरची घंटा झाली की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं — खेळात असो, जिन्यात असो. पाय जुळवायचे, डोळे मिटायचे, प्रार्थनेची ओळ मनात म्हणायची. हलला की हातावर छडी! घंटेला तडा गेला होता, त्यामुळे ती थड थड अशी फुटकी वाजायची. तसा आवाज मी पुन्हा कुठेच ऐकला नाही... अमरावतीच्या त्या दुपारपर्यंत.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि वऱ्हाडच्या कापसावर मुंबईचे व्यापारी तुटून पडले होते. रेल्वे अजून इकडे आली नव्हती. दिवाळीनंतर आम्ही अमरावतीला माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. माझी लहानगी ठकी हट्ट करून माझ्याबरोबर कापसाचा बाजार बघायला आली.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना ठासून भरलेल्या बोऱ्यांच्या थप्प्या, माडीइतक्या उंच. ठकीचं बोट धरून मी त्यांच्यामधल्या बोळात शिरलो आणि... घंटा वाजली. तीच. थड थड.

मी थांबलो. विचार करून नाही हो — पायच थांबले! ठकीचा हात माझ्या हातात, आणि भर बाजारात पागोटं घातलेला कचेरीतला माणूस डोळे मिटून उभा. मागून हमाल ओरडला, "ओ रावजी, मधातच कावून उभे राहून गेले? सरका ना!"

आणि समोरची थप्पी कोसळली.

डोळे उघडले तर वीतभर पुढे बोऱ्यांचा ढीग आणि नुसता धुरळा. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आम्ही दोघं त्याखाली असतो. हमालाने कपाळावर हात मारला. "माय वं... पोरगी गेली असती जी!" ठकीला उचलून छातीशी धरलं, ते सोडवेना.

"घंटा ऐकलीस का रे?" मी हमालाला विचारलं.

"कायची घंटा? इथं कुठी घंटा हाय?"

शेजारच्या व्यापाऱ्यानेही ऐकली नव्हती. मग परतताना मी मनाची समजूत घातली — बोऱ्या सरकल्याची कुरकुर कानाने टिपली असेल आणि भीतीने जुनी सवय जागी केली असेल. शिकलेल्या माणसाला कारण सापडतंच. तेवढ्यात खांद्यावरून ठकी म्हणाली, "बाबा, ते फुटकं काय वाजून राह्यलं होतं? थड थड?"

खरं सांगतो, मी रस्त्यातच थांबलो. त्या घंटेबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

घरी हे ऐकून बायको रडत म्हणाली, "अंबादेवीनं वाचोलं माह्या पोरीले! उद्या ओटी भरू. आता तरी मनापासून हात जोडजा तुमी."

पुढे माझे जुने मास्तर उपदेशाच्या दौऱ्यावर अकोल्याला आले, तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "प्रभूनं हाक मारली बाळा तुला," ते म्हणाले. "ती ओळ म्हटलीस का?"

"म्हटली," मी म्हणालो... आणि स्वतःच चपापलो. माझ्यात त्यातलं काही उरलं नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो, आणि त्या बोळात ती ओळ मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटली होती!

अंबादेवीची ओटी भरली तेव्हा मी हात जोडले. मास्तरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हाही मान खाली घातली. त्या दोघांनाही खात्री होती. मला आजही नाही, आणि त्या घंटेचं कारणही कळलेलं नाही.

ठकी आता पातूरला नांदते आहे. माहेरी आली की दारातूनच "बाबा" म्हणून हाक मारते आणि मी हातातलं काम टाकून उठतो. माझी मुलगी मला कोणीतरी परत दिली — आणि त्याचं नाव मला माहीत नाही.