नदीत ओतलेली घागर

आमच्या गावची नदी म्हणजे तुम्ही ओढाच म्हणाल. घनसावंगीच्या बाजूनं गोदावरीला जाणाऱ्या अशा कितीतरी आहेत, कोण पुसतं त्यांना! पण वाळू होती तिच्यात, कमरेइतकी. भर उन्हाळ्यात हातानं उकरली की झिरा लागायचा. वाटीवाटीनं घागर भरायची अन् तोवर गावभरच्या गप्पा. काठावर सात आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड. बाळंतीण सवा महिन्यानं बाहेर पडली की लेकराला घेऊन आधी तिथं यायची. आसरांनी पाहिलं म्हणजे लेकराला भ्या नाही. पूजा मात्र त्या झिऱ्याच्याच पाण्यानं. घरून आणलेलं चालत नाही.

मंग नदी खोल करायचं ठरलं. पाणी थांबेल, विहिरी भरतील, कुणाला नको होतं ते? यंत्र आलं तेव्हा आम्ही बायांनीच त्याला हळदकुंकू लावलं. वाळू निघाली, तिच्याखालचा मुरूम निघाला. मी दिराला म्हणाले, "भावजी, आसरांपुढची तेवढी वाळू राहू द्या."

"वैनी, इतकं पाणी राहील इथं, की आसरांनाच पोहणं शिकवावं लागल!"

पहिल्या साली राहिलंही. दीर रोज पाहुण्यांना दाखवायला न्यायचे, जसा काही पाऊस त्यांनीच पाडला. पण उकरलेली माती काठावरच ढीग घालून ठेवली होती. पुढच्या पावसात ती सारी खाली आली, टेकडीवरची आली ती वेगळीच. आम्ही सासू-सुनेनं ढिगाच्या पायथ्याला दगड रचले, गवत लावलं. दगड वाहून गेले, गवत शेळ्यांनी खाल्लं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आता नदीत नुसता गाळ. संक्रांत झाली की भेगा पडतात.

यंदा नात बाळंतपणाला आली. मुलगी झाली, पण नाजूक. जराशानं दचकायची. माझा सारा जीव त्या पूजेत. नात म्हणाली, "आज्जी, नळापाशी करू की. पाणी ते पाणी."

"तुला कुशीत घेऊन मीच आल्ते तिथं. तुझ्या लेकीला नळ दाखवू व्हय?"

सकाळीच गेलो. नात लेकराला घेऊन दगडांपाशी बसली. सून अन् मी उकरू लागलो. आधी खुरप्यानं, मंग टिकावानं. गाळ संपला अन् खण्ण वाजलं.

"आत्याबाई, राहू द्या. खडक लागला."

मी तरी हातानं चाचपलं. बिलकुल कोरडं.

दीर काठावर उभे होते. ते गेले अन् बोरच्या पाण्यानं भरलेली घागर खांद्यावर घेऊन आले.

"ओता, वैनी."

"घरचं चालत न्हाई, भावजी."

"मंग काय चालतं, तुम्हीच सांगा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी घागर खड्ड्यात रिकामी केली. पाणी गढूळलं अन् तसंच बसून राहिलं. नातीनं ओंजळीनं दगडांवर शिंपडलं, मी कुंकू लावलं. लेकराचे पाय त्या पाण्याला टेकवताना ते दचकलं अन् रडायला लागलं.

मी आसरांना मनातल्या मनात म्हटलं, मायांनो, हीच नदी समजा. आमच्याकडं दुसरी नाही.