बर्फावरचा उपडा डबा

कपाट आवरताना बायकोच्या मफलरचा डांबरगोळीचा वास आला, आणि मी कॅलिफोर्नियातल्या त्या बर्फात जाऊन उभा राहिलो. दोन हजार पाचचा हिवाळा. माउंटन लायनचा, म्हणजे तिकडच्या बिबट्याएवढ्या रानमांजराचा, माग काढायच्या ट्रेकला मुलानं सांता क्लाराहून आम्हाला नेलं होतं. दोन तास चालूनही काही सापडेना. गाइड परत फिरला.

"आई, दमलीस तू. चल, गाडीत बस," मुलगा म्हणाला.

ती वाकून खाली बघत होती. "अहो, हा पंजा बघा."

"कुत्र्याचा असेल," मी म्हणालो.

"कुत्र्याची नखं उमटतात. मांजराच्या जातीची आत असतात. फॉरेस्ट गार्डची मुलगी आहे मी!"

बर्फ भुरभुरत होता. ठसा बुजू नये म्हणून तिनं डब्यातले पोहे माझ्या ओंजळीत ओतले आणि डबा ठशावर उपडा घातला. तिचे वडील मेळघाटात वाघाच्या ठशावर टोपली घालायचे, तसा. मुलाच्या हाकेनं मागं आलेल्या गाइडनं डबा उचलून पाहिलं आणि तिलाच पुढे चालायला सांगितलं.

जनावर काही दिसलं नाही. पण तिच्यामागं चालताना माझी छाती फुगली होती. तोंडानं मात्र मी "पोहे गार झाले" एवढंच बोललो.

आता ती गेली, आणि मी दारात येईल त्याला सांगत सुटतो, आमच्या हिनं अमेरिकेत वाघ ओळखला.